तळ्यावरची मात्रा

आमच्या घरात पाणी आधी जिभेवर घ्यायचं, मग हंड्यात. बेंगळुरातल्या चिकपेटेत, आमच्या रंगाऱ्यांच्या बोळात सगळ्यांची हीच रीत. खाऱ्या पाण्यात लाल रंग मरतो, लोखंडाच्या पाण्यात काळवंडतो, गोड्या पाण्यात मात्र जास्वंदीसारखा उघडतो. अंबूआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण, डोळे मिटून घोटभर पाणी तोंडात घोळवायची आणि सांगायची, "हे शेट्टीच्या विहिरीचं. हे नळाचं. आणि हे आपलं."

आपलं म्हणजे रंगतळ्याचं. चामराजपेट ओलांडून मैसूरच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला ते तळं होतं. कानडी माणसं त्याला बण्णद केरे म्हणत. काठावर जांभळी होत्या, त्यांच्या मुळ्या पाण्यात उतरलेल्या. म्हणून ते पाणी आधी गोड लागे आणि गिळताना जिभेच्या मुळाशी किंचित तुरट. आमच्या बोळातल्या बायका रंगवलेलं कापड तिथंच धुवायच्या. गुडघाभर पाण्यात उभी राहून आत्या गायची :

रंगतळ्याच्या पाण्यात, लाल पदर धुतला
माहेरचा माझा निरोप, माशानं ग ऐकला

आई लवकर गेली, त्यामुळे मला वाढवलं ते आत्यानं. विधवा होऊन ती माहेरी आली होती आणि तिच्या मांडीवर मी या ओव्या ऐकत झोपलेलो. पण थोडा मोठा झालो आणि मला त्या ओवीची लाज वाटायला लागली. तळ्याची वाटायला लागली. सगळ्यात जास्त हातांची. आमच्या घरात सगळ्यांची नखं निळी, नाहीतर तांबडी. शाळेत वर्गातली मुलं मला 'नीलनखी' म्हणायची. मास्तरही कधी हसायचे. मी हात खिशात घालायला शिकलो, आणि मॅट्रिक झाल्यावर पुन्हा म्हणून रंगाच्या हौदात हात बुडवला नाही. उद्योगवसाहतीच्या ऑफिसात नकाशे काढायची नोकरी लागली, तेव्हा पहिलं काय केलं असेल, तर लिंबू लावून नखं घासली. तीन महिन्यांनी ती पांढरी झाली. आत्यानं माझा हात हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "कुणाचा म्हणायचा रे हा हात?" मी हसलो. ती हसली नव्हती, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

अठ्ठावन्न साली आमचे साहेब, नंदकिशोर त्यांचं नाव, विलायतेहून परतले. सहा महिने कॉव्हेंट्रीला होते. लेथ, मोटारी, यंत्रं बनवणारं ते गाव. येताना तिथली चित्रांची कार्डं घेऊन आले आणि टेबलाच्या काचेखाली ओळीनं लावली. करवतीच्या दातांसारखी छपरं असलेले कारखाने. एकसारखी घरं. सायकलींवरून कामाला निघालेली माणसं, आणि सगळ्यांचे हात स्वच्छ. निदान मला तरी तसे दिसले.

"नरसिंगराव," साहेब म्हणाले, "दहा वर्षांत या गावाचं कॉव्हेंट्री करायचं. तू नकाशे काढ. काम झालं की तुला तिकडं शिकायला पाठवतो."

मल्लाप्पा शेजारीच साखळी गुंडाळत उभा होता. तो आमचा मोजणीदार, पन्नाशीचा, गावाचा इंच न् इंच पायाखालून गेलेला. म्हणाला, "साहेब, कार्डातलं गाव फार चांगलं आहे. पण तो सदरा त्यांच्या अंगावर शिवलाय. आपल्याला खांद्यात काचेल."

"मल्लाप्पा, तुझा मुलगा काय करतो?"

"घरीच आहे, साहेब."

"कारखान्यात लागला की मग माप बघू."

मल्लाप्पा पुन्हा साखळी गुंडाळू लागला. साहेबांचं काही खोटं नव्हतं. त्या वर्षी किती घरांत अशी शिकलेली मुलं बसून होती. मी मात्र मल्लाप्पाच्या मुलाचा विचार केला नाही. मी कार्डातल्या सायकलवर बसून निघालो होतो.

त्याच संध्याकाळी घरात शिरतानाच ओरडलो, "आत्ते, कॉव्हेंट्री येणार! बेंगळुरात कॉव्हेंट्री!"

आत्याच्या हातातला कपडा तसाच राहिला. "काय येणार?"

"कॉव्हेंट्री!"

"कावेरी?" तिनं ओले हात जोडून कपाळाला लावले. "कावेरी येणार? आपल्या गावात? अय्यो, नरसू! आणि तू आणणार?"

'नव्हे ग' म्हणायला मी तोंड उघडलं खरं. पण दारात शेजारच्या शारदाबाई उभ्या होत्या, हातात वाटी, कुठल्यातरी भाजीची. त्यांनी वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि तशाच मागे फिरल्या. सकाळपर्यंत बोळभर झालं : अंबक्काचा नरसू कावेरी आणतोय. नळावर बायका मला पुढे जाऊ देऊ लागल्या. ज्या बुवांनी कधी माझ्याकडे मान वर करून बघितलं नव्हतं त्यांनी थांबवून विचारलं, "अण्णा, पाणी वरच्या पेटेला आधी येणार की खालच्या?"

दोन दिवस मला गंमत वाटली. मल्लाप्पाला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "आमची कावेरी इतकी वर्षं मैसुराकडून हलली नाही, ती तुझ्या आत्तेनं एका शब्दात ओढली की! पण सांग रे तिला. म्हातारीची थट्टा स्वल्पच बरी."

"सांगतो," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी मोठा नकाशा टेबलावर पसरला. मैसूर रस्त्याच्या उजव्या हाताला, बरोबर रंगतळ्यावर, त्यांनी लाल पेन्सिलीनं चौकोन काढला. पहिला कारखाना तिथं.

"इथं पाणी दिसतंय. कुणाचा हक्क आहे?"

मल्लाप्पा माझ्याकडे बघायला लागला. मला सांगावंच लागलं. आमच्या जमातीकडे एक जुना कागद होता, मोडीतला, मराठे या गावात आले त्या काळचा. तो आत्याच्या पत्र्याच्या पेटीत होता.

"मोडी कोण वाचतं?"

आमच्या देवळातले भीमाचार्य होते तोवर ते वाचायचे. ते गेल्यावर सबंध पेटेत मी एकटाच. वडिलांनी मला एवढं एकच शिकवलं होतं : बोरू धरायला आणि मोडी वाचायला.

"मग आण. वाच आणि इंग्रजीत करून दे. लेखी हक्क असेल तर जागा बदलू. मला कुणाचं हिसकावून घ्यायचं नाही." नंदकिशोर साहेब हे मनापासून म्हणाले. तो माणूस वाईट नव्हता. वाईट कोण होतं ते पुढे येतंच आहे.

आत्याकडे कागद मागितला तेव्हा ती वाळवणातून उठली. हात पुसले, पुन्हा पुसले, आणि पेटी उघडली. कागद लाल फडक्यात गुंडाळलेला होता. दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलेलं, त्यामुळे कडा पिवळ्या.

"कावेरी आपल्या तळ्यात सोडणार ना रे? म्हणून कागद लागतोय?"

अजूनही वेळ होती. एक शब्द तर होता. पण नव्हे म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग कशाला? आणि मग कार्डं, चौकोन, कारखाना, सगळं सांगावं लागलं असतं, आणि तिनं फडकं पुन्हा बांधलं असतं.

मी म्हणालो, "हो."

तिनं कागद माझ्या पांढऱ्या हातांवर ठेवला.

ऑफिसात खिडकीपाशी, दुपारच्या लख्ख उजेडात मी तो उलगडला. चारच ओळी. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं : पश्चिमेकडील तळे जमातीचे निसबतीस असे, म्हणजे जमातीच्या ताब्यात. कागदाची घडी नेमकी त्या एका शब्दावरून गेली होती. 'तळ' स्पष्ट होतं. ळच्या डोक्यावर, घडीच्या चिरेत, मात्रा. शाई उडून ती केसासारखी उरली होती. कागद खिडकीच्या काचेला लावला तर दिसायची. टेबलावर ठेवला तर नाही.

मी तो काचेला लावला. मात्रा दिसली. मग कागद टेबलावर ठेवला.

मात्रा असली तर तळे, पाण्याचा हक्क, पिढ्यानुपिढ्यांची वहिवाट, सरकारला हात लावता यायचा नाही. मात्रा नसली तर तळ, फौजेचा मुक्काम. आमचे पूर्वज फौजेबरोबर आलेलेच होते, शोभूनही दिसत होतं. फौज उठली की तळ उठला, जमीन सरकारची, आणि पाणी काय, मागाहून खड्ड्यात साचलेलं.

मल्लाप्पा मागून आला. "काय निघालं?"

"तळ," मी म्हणालो. "छावणीची जागा."

तो कागदावर वाकला. त्याला मोडी येत नव्हती. तो कागदाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होता. "इतकी वर्षं तुमच्या बायका छावणीत कपडे धुवायच्या म्हणायचं," एवढंच बोलला आणि साखळी उचलून बाहेर गेला. त्यानंतर त्यानं माझ्याशी थट्टा केली नाही.

मी इंग्रजीत लिहिलं, सही केली. साहेबांनी दोनदा विचारलं, "नक्की?" मी दोनदा हो म्हणालो. आता हो म्हणायची सवय झाली होती.

कागद फडक्यात गुंडाळून मी आत्याला परत दिला. काय लिहिलंय, तिनं विचारलं नाही. वाचणारा घरातला होता.

पुढल्या उन्हाळ्यात तळ्याचा बांध फोडला. आत्यासकट सगळ्या बायका बघायला गेल्या. हौसेनं गेल्या, कारण जुनं पाणी काढल्याशिवाय नवं कसं भरणार? चिखलात मासे तडफडत होते. एकीनं पदरात दोन धरून शेट्टीच्या विहिरीत नेऊन सोडले, कावेरी आल्यावर परत आणायचे म्हणून. मग मातीच्या गाड्या आल्या, जांभळी पडल्या. आत्या मला म्हणाली, "जांभळी तरी ठेवायच्या होत्या."

"नवीन लावतील."

"सरी, बरं," ती म्हणाली. बराच वेळ पडलेल्या झाडांकडे बघत राहिली.

बोळातलं कापड आता नळाच्या पाण्यात धुतलं जाऊ लागलं. लाल रंग विटकरीसारखा उतरायचा. गिऱ्हाइकं कुरकुरली की आत्या सांगायची, "स्वल्प दम धरा. कावेरी येतेय." काहींनी दम धरला. काहींनी कारखान्यात शिरायची खटपट केली, आणि दोघा-तिघांना काम लागलंही. मल्लाप्पाचा मुलगाही लागला. हे मी लपवत नाही. त्या मुलाला निळ्या डगल्यात सायकलवरून जाताना मी पाहिलं की मला वाटायचं, बघा, सगळंच काही वाया गेलं नाही. आणि मग घरी येऊन आत्याच्या नखांकडे बघणं टाळायचो.

साठ साली उद्घाटन ठरलं. मी घरी चकार शब्द काढला नव्हता. पण कापडाच्या पेटेत बातमी लपते कुठं? त्या सकाळी मी साहेबांबरोबर मांडवात उभा होतो. करवतीच्या दातांची छपरं, अगदी कार्डातल्यासारखी. साहेब भाषण करत होते. आणि फाटकातून आमच्या बोळातल्या पंधरा-वीस बायका आत आल्या. नवी लुगडी, डोक्यावर कलश, कलशावर आंब्याचे डहाळे. सगळ्यांच्या पुढे अंबूआत्या. आणि त्या गात होत्या :

कावेरी ग बाई आली, कुणाच्या ग बोलाव्यानं
नरसूबाळानं आणली, गाय जशी दाव्यानं

ती ओवी आत्यानं रचली होती. दोन वर्षं मनात धरून ठेवली असेल.

पाहुणे खूश झाले. त्यांना वाटलं, स्वागताची गाणी आहेत. साहेबांनी मला कोपरानं ढोसलं, "तू बोलावलंस? शाबास!" आणि त्याच उत्साहात पुढे बोलू लागले : कॉव्हेंट्रीही एके काळी रंगाऱ्यांचं गाव होतं. तिथला निळा रंग कधी विटत नसे. खऱ्या माणसाला तिथले लोक अजून म्हणतात, हा कॉव्हेंट्रीच्या निळ्यासारखा पक्का. यंत्रं आली तरी त्या निळ्याचं नाव त्यांनी जपलं.

मी पांढरे हात पाठीमागे घेतले. ज्या गावासारखं व्हायचं म्हणून तळ्याचा तळ केला, त्या गावाला आपल्या नखांची लाज नव्हती.

फाटकाजवळ कामगारांसाठी नळ बसवला होता. कारखान्यासाठी तिथंच खोल विहीर घेतली होती, तिचं पाणी. साहेबांनीच आत्याला खुणावलं, भरा, भरा. बायका भोवती जमल्या. आत्यानं कलश खाली ठेवला, तोटी सोडली, ओंजळ धरली. आणि रीतीप्रमाणे पाणी आधी जिभेवर घेतलं.

तिनं डोळे मिटले. घोळवलं. गिळलं.

मला माहीत होतं काय लागलं असेल. वरून माती टाकली म्हणून पाणी जमिनीतून कुठं जातं? आधी गोड, आणि मुळाशी तुरट. जांभळी गेल्या होत्या, पण मुळ्या खालीच होत्या.

तिनं डोळे उघडले आणि गर्दीत मला शोधलं. बघत राहिली. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडायला हवं होतं. मी वाट बघत होतो.

शारदाबाई अधीर होऊन म्हणाल्या, "अंबक्का, सांगा की! कावेरीच ना?"

आत्या माझ्यावरची नजर न काढता म्हणाली, "होय. कावेरीच."

बायकांनी हळदकुंकू वाहिलं, नळाला. एकेक कलश भरला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. दूर, मोजणीच्या काठ्यांपाशी, मल्लाप्पा मान खाली घालून उभा होता.

खोटं बोलायचं ते मी बोललो होतो. पण त्या क्षणापर्यंत ते माझं एकट्याचं होतं. आता जन्मात पाण्याबद्दल कधी खोटं न बोललेली जीभ माझ्यासाठी विटाळली होती.

परतताना जटक्यात ती माझ्यासमोर बसली, कलश मांडीवर. घोडा ठेचाळला तेव्हा कलश सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला, तेवढीच हालचाल.

घरी आल्यावर कलश देवापुढे ठेवला नाही. ओट्यावर ठेवला. मग पेटी उघडली, लाल फडकं सोडलं आणि कागद माझ्यापुढे धरला.

"वाच."

"आत्ते…"

"मला अक्षर येत नाही. तू वाच."

मी कागद घेतला. खिडकीकडे धरायची गरज नव्हती, मात्रा कुठं आहे ते मला पाठ होतं. पुटपुटलो, "पश्चिमेकडील… तळे… जमातीचे निसबतीस…"

"काय?"

"तळे."

"तेव्हा काय वाचलं होतंस?"

"तळ."

तिनं मान हलवली, हळू, मापात काहीतरी बसल्यासारखी. बाहेर बोळात बायकांचा गलका होता. घरोघर कावेरी शिंपडणं चाललं होतं. शारदाबाईंचा आवाज सगळ्यांत वर.

"आत्ते, तिथं तू का…"

"तिथं परकी माणसं होती," ती म्हणाली. "परक्यांत लेकराला उघडं पाडत नाहीत." मग तिनं उठून बोळाकडचं दार सताड उघडलं. "इथं आपली आहेत. उंबऱ्यावर उभा राहा. आता वाच."

बायकांनी वळून बघितलं. कुणाच्या हातात आंब्याचा डहाळा, कुणाच्या हातात तांब्या. अजून हसत होत्या माझ्याकडे, कावेरी आणणाऱ्या नरसूकडे. मी उंबऱ्यावर उभा राहिलो आणि कागद उलगडला. हात खिशात घालायला जागा नव्हती.

मी वाचलं.

"मोठ्यानं," पाठीमागून आत्या म्हणाली. "पलीकडच्या टोकाला ऐकू गेलं पाहिजे. आणि मात्रा खाऊ नकोस."